मधला शनिवार

मला संगीतातलं काही कळत नाही, हे आधीच सांगते. तरीही पनवेलच्या आमच्या घरमालकांनी आयुष्यभरात जे एक संगीत रचलं, ते एकदाच वाजलं आणि वाजवणाऱ्या चौघांत मी होते. आज ते घर नाही. त्या जागी खाली दुकानं आणि वर क्लासेस आहेत. मालकही नाहीत. तेव्हा मी सांगेन ते खरं धरावं लागेल.

आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा ते वरच्या मजल्यावर राहत होते आणि खालच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. वर बोलणी चालली असताना माझं लक्ष कोपऱ्यातल्या पलंगाकडे गेलं. मच्छरदाणी सोडलेली होती आणि आत कुणीतरी झोपलं होतं. रुंद कंबर, उतरते खांदे, लांब मान. मी आवाज खाली आणून विचारलं, "कधीपासून आजारी आहेत?"

"आजारी नाही," ते म्हणाले. "खाडीची हवा सोसत नाही, एवढंच."

तो चेलो होता. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणावा असा, खुर्चीवर बसून दोन गुडघ्यांत धरून वाजवायचा. मच्छरदाणी घरात एकच होती, त्यामुळे मालक स्वतः खाली चटईवर झोपत आणि सकाळी दंड खाजवत खाली येत.

आळी त्यांना मास्तर म्हणायची. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं; बंदराच्या कचेरीत नकाशे काढायची नोकरी करून ते निवृत्त झाले होते. मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. मिशनच्या बोर्डिंगात वाढले, आणि तिथल्या एका गोऱ्या मॅडमने त्यांना व्हायोला शिकवला. तोही व्हायोलिनच्याच घरातला, अंगाने जरा थोराड आणि आवाजाने जरा घोगरा. मॅडम मायदेशी गेली तेव्हा आपला चेलो यांच्याकडे ठेवून गेली. परत येते म्हणाली होती. मास्तरांना चेलो वाजवता येत नव्हता, पण सांभाळता येत होता. लग्न केलं नाही. का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

ते जे रचत होते त्याला ते 'खोलीतलं संगीत' म्हणत. चार वाद्यं, चार माणसं, बस. "देवळाचं संगीत वेगळं, मांडवाचं वेगळं," ते सांगायचे. "हे खोलीत बसून एकमेकांशी बोलायचं. ऐकायला कुणी आलं तर त्याने दाराशी चपला काढून बसावं."

मी ब्लाउज शिवायची. माझं मशीन खालच्या खिडकीशी होतं आणि बरोबर वर त्यांची खुर्ची. दुपारी आळी झोपलेली असताना वरून व्हायोलाचे चार-पाच सूर यायचे. थांबायचे. पुन्हा तेच, पण एखादा बदललेला. असं तासन् तास. मी पाय हलवत असायची, टीप पुढे सरकत असायची, खाडीकडून वारा आला की पडदा आत फुगून पुन्हा खिडकीला चिकटायचा. कधीकधी मी मान वर करून बघायची तर हातातला ब्लाउज संपलेला असायचा आणि बाही कधी जोडली ते आठवायचं नाही. टीप मात्र सरळ असायची. तेवढं मी तपासून घ्यायची.

मास्तरांचा एक प्रश्न होता आणि तो ते कुणालाही विचारत. प्रभू येशूला शुक्रवारी क्रुसावर दिलं. रविवारी तो उठला. "मधल्या शनिवारी त्याच्या माणसांनी काय केलं?" बायबलात फक्त विसावा घेतला एवढंच आहे, म्हणायचे. "विसावा कसला? आपलं माणूस गेलंय, आणि ते उठणार आहे हे कुणालाच माहीत नाही. रविवार येणार हे आपल्याला माहीत आहे. त्यांना नव्हतं. तो दिवस त्यांनी घालवला कसा?"

दूधवाला म्हणाला, झोपले असतील. आमचे हे तळोज्याला केमिकल कंपनीत पाळीवर जायचे, हे म्हणाले, "सुट्टी होती ना? मग झोपलेच असणार." मास्तरांना ही उत्तरं आवडली नाहीत.

उरणहून एक कोळीण मासे घेऊन यायची. तिला विचारलं तेव्हा मी तिथेच होते, बोंबील निवडत होते.

"कोण होती ती मानसं?" तिने विचारलं.

"मासे धरणारे. बरेचसे तुमच्यासारखेच."

"मंग त्यात इचारायचं काय, मास्तर? कोली मानूस दुखात हात बांधून बसत नाय. जाली सांधत बसली आसतील. बोलली नसतील, पन जाली सांधली आसतील."

मास्तर बोंबील न घेता वर गेले. पुढचे काही दिवस वरून एक नवीनच चाल यायची, पुढे जाऊन मागे वळणारी, गाठ मारून पुन्हा पुढे जाणारी. मला ती शिवणासारखी वाटली. मी तसं म्हटलं तर ते म्हणाले, "जाळं आहे वहिनी, पण चालेल. दोरा तोच."

मलाही विचारलं. मी आधी विचारलं, की घरात बायका होत्या का? होत्या, म्हणाले. प्रेताला लावायला त्यांनी सुगंधी मसाले कुटून ठेवले होते. पण शनिवारी काम करायचं नाही असा त्यांचा धर्म, म्हणून दिवसभर थांबल्या.

"मग घरभर वास असणार," मी म्हटलं. "कुटलेला मसाला झाकून राहत नाही. ज्याच्यासाठी कुटला त्याला लावता येत नाही, आणि वास तर जात नाही. डोकं उठलं असेल त्यांचं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांची हरवलेली किल्ली काढून दिली. मग हळूच विचारलं, "आणि चहा? म्हणजे तेव्हा जे काही पीत असतील ते. सकाळी झाला असेल का?"

"काम करायचं नाही म्हणता, म्हणजे चूलही पेटवायची नाही ना? मग कुठला चहा. शनिवार संपल्यावर पहिलं काम तेच केलं असेल कुणीतरी."

आमच्या मागच्या अंगाला सारामावशींचं घर होतं. अंगण सामाईक; आमचं तोंड कर्नाळ्याच्या किल्ल्याकडे, त्यांचं उलट्या दिशेला. त्या बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. त्यांच्या पूर्वीच्या लोकांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी ते बंद असायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. मावशींकडे अजूनही शनिवारी गॅस पेटायचा नाही. शुक्रवारी रांधून ठेवायच्या, शनिवारी तेच गार खायच्या आणि दिवसभर अंगणात खुर्ची टाकून आमच्या धुण्याला नावं ठेवायच्या.

मास्तरांचं संगीत शेवटाशी अडलं होतं, आणि ते मी राहायला येण्याच्या कितीतरी आधीपासून. शनिवार संपवायचा कसा? गोड करून संपवला तर तो रविवार होतो. रडवून संपवला तर शुक्रवार. हे ते आम्हा सगळ्यांना इतक्यांदा सांगायचे, की एकदा मावशी वैतागल्या.

"मास्तर, शनिवार तुम्ही कशाला संपवता? तो आपला आपण संपतो. आम्ही काय घड्याळ बघतो का? अंधारायला लागलं की वर बघायचं. तीन चांदण्या दिसल्या की शनिवार गेला. मग गॅस पेटवायचा."

"आणि ढग असले तर?"

"तर थांबायचं. घाई कुठे आहे? आणि शुक्राची चांदणी धरायची नाही. ती उजेडातच तोंड दाखवते."

मास्तरांनी शेवट लिहिला तो असा: व्हायोलिन थांबतं, दुसरं वाद्य थांबतं, व्हायोला थांबतो. चेलोची सगळ्यांत जाड तार एकटी चालू राहते. किती वेळ, ते कागदावर नाही. वाजवणाऱ्याने आकाशाकडे बघायचं आणि तीन चांदण्या दिसल्या की थांबायचं.

अशा गोष्टी माणूस निवांतपणे करतो, पण मास्तरांना निवांतपणा उरला नव्हता. त्यांचा डावा हात थरथरायला लागला होता. कप बशीत ठेवताना वाजायचा. डॉक्टरांनी सांगितलं, वाढत जाईल. वर व्हायोला थांबायचा तो आता विचार करायला नाही, हात चोळायला थांबायचा, हे मला खाली बसून कळायचं. मी एकदा सरळच विचारलं, अजून किती दिवस वाजवता येईल?

"यंदाचा शनिवार," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीचा मला वाजवता येणार नाही. ऐकता येईल, पण मला तो ऐकायचा नाही, त्यात बसायचं आहे."

ते आधी चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. पाळकसाहेब तरुण, भला माणूस. ते आमच्या घरी येऊन मास्तरांना समजावत होते ते मी ऐकलं. "मास्तर, उत्तम शुक्रवारी उपासना आहे. रविवारी पहाटे आहे. शनिवारी मंडळी येत नाही. शनिवारी काही घडतच नाही."

"म्हणून तर."

"रविवारी उपासनेनंतर वाजवा. चहा असतो, सगळे थांबतात."

"रविवारी शनिवार कसा वाजवणार, साहेब?"

पाळकसाहेब माझ्याकडे बघून हसले, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी काय बोलणार? मला मास्तरांचं पटलं होतं. ज्या दिवसाचं काम त्या दिवशी.

मग आपल्याच खोलीत वाजवायचं ठरलं. माणसं जमवायची होती. व्हायोलिनला लोबो नावाचे निवृत्त रेल्वे क्लार्क मिळाले. सज्जन, पण सारखं शेवटच्या बसचं बघणारे. दुसऱ्या व्हायोलिनला कुणी मिळेना, म्हणून मास्तरांनी तो भाग लग्नाच्या बँडमधल्या अन्वरभाईंच्या क्लॅरोनेटसाठी बदलून लिहिला. अन्वरभाईंना कागद वाचता येत नव्हता. मास्तर गाऊन दाखवायचे आणि ते कानाने उचलायचे. पहिल्या तालमीनंतर त्यांनी विचारलं, "मास्तर, एवढंच सांगा, यात वरात कुठे निघते?"

"निघतच नाही."

"या अल्ला. मग नवरदेव?"

"तो मेलेला आहे, अन्वर. उद्या उठणार आहे. पण तुला ते माहीत नाही."

अन्वरभाईंनी जरा विचार केला. "मग हलकं फुंकतो," म्हणाले. त्यानंतर त्यांनी कधी काही विचारलं नाही.

चेलोला मुंबईहून एक खरा वादक आला होता. मच्छरदाणीतून चेलो काढून त्याने वाजवला तेव्हा खालच्या माझ्या खोलीतली भांडी झिणझिणली. मग त्याने शेवटचं पान पाहिलं. "इथे किती मोजायचं?" त्याने विचारलं. मास्तरांनी चांदण्यांचं सांगितलं. तो हसला, वाईट हेतूने नाही, आणि म्हणाला की ईस्टरच्या आठवड्यात त्याला मुंबईत बरीच कामं असतात.

तो गेल्यावर मास्तर खाली आले आणि दाराशी उभे राहिले. मी शिवलेले ब्लाउज इस्त्री करत होते. ते बराच वेळ बघत राहिले.

"वहिनी, तुमचा हात एकसारखा चालतो."

"इस्त्री आहे, मास्तर. थांबला तर कापड जळेल."

"तेच म्हणतो."

असं मला चेलोवर बसवलं. मी स्पष्ट सांगितलं, की मला डाव्या हाताची बोटं तारांवर ठेवणं जमणार नाही, शिकायला वेळ नाही आणि हौसही नाही. ते म्हणाले, नका ठेवू. त्यांनी चेलोचा सगळा भाग नव्याने लिहिला, फक्त चार मोकळ्या तारांसाठी. चार तारा, चार सूर, मी फक्त त्यांवरून गज, म्हणजे केसांची ती काठी, ओढायचा. मला वाईट वाटलं. एवढं वर्षानुवर्षं रचलेलं माझ्यापायी कापून टाकलं, असं मी म्हटलं.

"कापलं नाही, उसवलं," ते म्हणाले. "जास्तीचं होतं. तोंडाशी धोंड लावलेली कबर आहे ती, वहिनी. तिला बोटं कशाला हवीत?"

घरी मात्र चेष्टा झाली. "आज जेवायला काय, सा की रे?" हे विचारायचे. मी ताटात वरणभात वाढायची. तालमीला जायच्या आधी सगळा स्वयंपाक झालेला असायचा, त्यामुळे बोलायला कुणाला जागा नव्हती.

गज धरायला शिकवताना मास्तर म्हणायचे, इस्त्री समजा. जळू द्यायचं नाही, सुरकुती ठेवायची नाही. गज संपला की उलटा फिरवायचा, आणि फिरवल्याचं कुणाला कळता कामा नये. ती जाड तार वाजायची तेव्हा आवाज कानात यायच्या आधी गुडघ्यांत यायचा. दुधाने भरून आलेल्या म्हशीने रेकावं, पण फार लांबून, तसा. मला तो आवडायला लागला होता. हे मी कुणाला सांगितलं नाही.

आदल्या शनिवारी मी मास्तरांच्या गॅलरीत बसून चांदण्यांची पाहणी करून ठेवली. एक मोठी, डोळ्यांत भरणारी, उजवीकडे वर. तिच्या शेजारी दुसरी. तिसरी खाली, कर्नाळ्याच्या सुळक्याच्या अंगाला. नावं मला माहीत नाहीत. जागा पक्क्या केल्या, खुर्ची कुठे ठेवायची तिथे खडूने खुणा केल्या.

शनिवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही सुरू केलं. ऐकायला कुणी नव्हतं. पाळकसाहेब थोडा वेळ दाराशी येऊन बसले, चपला बाहेर काढून, आणि केव्हातरी उठून गेले. त्यांना पहाटेच्या उपासनेची तयारी होती. गॅलरीचं दार सताड उघडं होतं. जाळं सांधलं गेलं. मसाल्याचा वास पसरला; खरंच सांगते, तो भाग वाजताना मला नाकात दालचिनी आल्यासारखी वाटली. अन्वरभाईंनी क्लॅरोनेट इतकं हलकं फुंकलं, की ते वाजतंय की कुणी शेजारच्या खोलीत झोपेत श्वास घेतंय ते कळू नये. मास्तरांचा हात थरथरत होता आणि व्हायोलाचा सूरही थरथरत होता, पण तो तसाच लिहिलेला असावा असं वाटत होतं.

मग एकेक जण थांबला. लोबोंनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं. क्लॅरोनेट थांबलं. मास्तरांनी शेवटचा सूर सोडला आणि डोळे मिटले. माझी तार तेवढी राहिली.

मी गॅलरीबाहेर पाहिलं. पहिली होती. शेजारची दुसरीही थोड्या वेळाने आली. खाली सुळक्याकडे पाहिलं तर सुळकाच नव्हता. त्या दिवसांत शेतकरी राब भाजतात. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा, शेण पसरून जमीन जाळतात. तिकडची सगळी शेतं पेटवलेली होती आणि धूर आडवा पसरून आमच्या बाजूचं निम्मं आकाश मातकट झालं होतं. याचा हिशेब आमच्यापैकी कुणीच धरला नव्हता.

मी गज ओढत राहिले. उलटा फिरवला, ओढला, पुन्हा फिरवला. खोलीत अंधार भरत आला. खांदा दुखायला लागला, मग दुखायचा थांबला, मग तो माझा राहिलाच नाही. धूर वर चढत होता. दुसरी चांदणी एकदा गेली आणि परत आली. लोबोंनी घड्याळ पाहिलं, वाद्य पेटीत ठेवलं आणि पेटीचं झाकण न लावताच तसेच बसून राहिले. त्यांची बस गेली असणार. आमचे हे पाळीवरून आले, डबा हातात, जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहिले.

मी थांबले असते तर कुणाला कळलं नसतं. मास्तरांचे डोळे मिटलेले होते. ते आकाशाकडे एकदाही बघत नव्हते. ते त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. मी थांबले नाही. तिसरी दिसली नव्हती, मग थांबायचं कसं?

त्या आवाजात मग असं झालं, की मी वाजवतेय असं वाटेना. तो आधीपासून होताच आणि जिन्यावरचे हे धरून आम्ही पाच जण त्यात बसलो होतो. शनिवार म्हणजे हाच असावा. काही कळत नाही, काही करता येत नाही, आणि कुणी उठूनही जात नाही.

मागच्या जिन्याखालून सारामावशींचा आवाज आला. "अगं ए, कुठे बघत बसलीस? धूर तुमच्या बाजूला आहे. माझ्या दारात कधीची आलीय तिसरी. मी गॅस पेटवला. हात तोडून घेतेस का आता?"

मी गज उचलला.

तार थोडा वेळ आपली आपण चालू राहिली आणि मग नव्हती. मागच्या अंगणातून मावशींच्या भांड्याचा आवाज येत होता. मास्तरांनी डोळे उघडले आणि मागच्या खिडकीकडे पाहिलं, जिकडे आम्ही कुणीच पाहत नव्हतो. डावा हात त्यांनी उजव्या हातात धरला.

मी चेलो पलंगावर आडवा केला. मास्तर उठून मच्छरदाणी सोडायला गेले, पण त्यांच्या हाताला ती कड गादीखाली खोचता येईना. मी खोचली.

"वहिनी," ते म्हणाले, "आता चहा ठेवा."

मी खाली जाऊन सगळ्यांचा ठेवला.